इनायतुल्लाचा पाच-सहा

इनायतुल्लावर मी जळतो हे अकोल्यापासून अमरावतीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बायकोला, पंचफुलाला, ठाऊक आहे. त्याच्या बायकोला, रजियाबीला, ठाऊक आहे. आणि त्याला स्वतःला तर सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. मी कधी लपवलं नाही. पोटात दुखत असताना ओवा खाल्ल्यासारखं तोंड करून बसणं मला जमत नाही.

आम्ही दोघं हॅम. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरात वायरलेसचा सेट मांडून चार गावांशी बोलणारी हौशी माणसं. खिशात मोबाईल असताना हे काय खूळ, असं पंचफुला विचारते. मी अमरावतीला रुक्मिणीनगरात राहतो, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. इनायतचं अकोल्याला ताजनापेठेत पंपांचं आणि मोटारींचं दुकान आहे. आता ते त्याचा मुलगा हसनैन बघतो आणि इनायत वरच्या खोलीत सेटसमोर बसून असतो.

परीक्षा आम्ही नागपूरला एकाच दिवशी दिली होती. ओळखही तिथलीच. त्या काळी मोर्स आल्याशिवाय परवाना मिळत नसे. कट्ट-कट्ट असं बटण दाबून अक्षरं पाठवायची, कानानं ऐकून लिहायची. इनायतचा हात असा चालला की परीक्षकानं पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. माझी पाळी आली तेव्हा तोच परीक्षक म्हणाला, "हात जड आहे तुमचा." पास दोघंही झालो. पण परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि इनायत मला शेंगदाणे देत राहिला. शेंगदाणे मी खाल्ले, बोललो मात्र नाही.

पुढे त्यानं कुठूनसा एक जुना जपानी सेट मिळवला. ज्याच्या शेवटच्या टप्प्यात अजून काचेच्या नळ्या असतात, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह, तसला. सुरू केला की मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसतो. त्या सेटवरून इनायत बोलला की आवाज खोलीत येऊन बसल्यासारखा वाटतो. कोल्हापूरचे लोक विचारायचे, इंदूरचे लोक विचारायचे, "भाईसाब, क्या आवाज है, कौनसा सेट है?" माझा सेट छोटा, हलका, आधुनिक. त्यातून माझा आवाज डासासारखा निघायचा. माझ्या सेटबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

रोज सकाळी चहाच्या वेळी आमची वऱ्हाडातल्या पाचसहा जणांची हवेतली बैठक भरते. ती इनायतच चालवतो. एकेकाचं नाव घेतो, ज्याचं नाव घेतलं तो बोलतो, आणि मग इनायत त्याला रिपोर्ट देतो. रिपोर्ट म्हणजे समोरच्याचा आवाज कसा पोचला ते आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा बोलणं किती स्पष्ट कळलं त्याचा, तो पाचपर्यंत. दुसरा आवाज किती जोरात आला त्याचा, तो नऊपर्यंत. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आता खरं बोलायचं तर हॅम लोकांत पाच-नऊला काडीची किंमत नाही. पंगतीतून उठताना 'भाजी मस्त झाली' म्हणतात तसा तो देतात. अर्धं वाक्य खरखरीत बुडालं तरी पाच-नऊ. इनायतही सगळ्यांना तेच द्यायचा. नांदगाव खंडेश्वरचा एक जण होता, त्याचा आवाज पिठाच्या चक्कीतून यायचा, त्यालाही पाच-नऊ. फक्त माझं नाव आलं की इनायत जरा थांबायचा आणि म्हणायचा, "उत्तमराव, अमरावती. पाच-सहा."

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. मी एकदा फोनवर त्याला झाडलं.

"मलेच काहून पाच-सहा बे? त्या नांदगाववाल्याले पाच-नऊ देतं अन मले पाच-सहा?"

"त्याले पाच-नऊ देल्लं तं तो खुश होते," इनायत म्हणाला. "तुले मी खरं सांगतो."

"मले नको खरं."

"मंग दुसरा दोस्त पाह्य."

बरं, आवाजाचा जोर दाखवायला सेटवर एक सुई असते. बाकीचे लोक सुई बघून आकडा सांगतात. इनायतनं आपल्या सेटच्या सुईवर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. म्हणायचा, "सुई पाहून रिपोर्ट देनारा कानानं गरीब असते." एवढा तोरा. आणि तो तोरा त्याला शोभायचा, हेच मला सहन व्हायचं नाही.

त्यात कुलदीप आला. हा कुलदीप अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आता मोर्सशिवायही परवाना मिळतो, तसा त्याला मिळाला. त्याची तयारी इनायतनं करून घेतली. सेट नवाकोरा, रंगीत पडद्याचा. इनायतला 'चाचा' म्हणतो आणि मला 'काका', पण दोन्हींतला फरक मला ऐकू येतो. गेल्या वर्षापासून दर रविवारी स्वारी अकोल्याला. रजियाबीच्या हातचा दालचा, ज्यावर पहिला हक्क माझा, तो हा खातो आणि सोमवारी हवेवर सांगतो. इनायतला मी फोन लावावा तर आताशा तो उचलायचा नाही. रजियाबी उचलायच्या आणि म्हणायच्या, "ते कामात हाय, भाऊसाब, लिहून पाठवा." मी लिहिणारा माणूस नाही. हेडक्लार्की केली तेव्हा पोटभर लिहून झालं. कुलदीपचा फोन उचलत असणार, मी मनात म्हणायचो.

आणि कुलदीपला रोज पाच-नऊ.

शेवटी मी ठरवलं की इनायतकडे आहे तसाच जुना, नळ्यांचा सेट घ्यायचा. भरदार आवाजात बोलायचं आणि त्या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, पाच-नऊ वदवून घ्यायचं. त्यानंतर मेलो तरी चालेल, असं मी पंचफुलाला म्हणालो. ती म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा, मंग मरा."

त्याच सुमारास बार्शीटाकळीचे पुंजाराम गेले. हॅमच होते, चांगले होते. आमच्यात एक रीत आहे की गेलेल्या माणसाचा सेट भंगारात जाऊ द्यायचा नाही, आपल्यातल्याच कुणीतरी घ्यायचा आणि तो पुन्हा बोलता करायचा. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईनं, इनायतला निरोप पाठवला की घरात दोन सेट आहेत, त्यातला एक आमचा मुलगा आठवण म्हणून ठेवणार आहे, कुणाला दुसरा पाहिजे असेल तर या. इनायतनं मला लिहून कळवलं. कुलदीप लगेच म्हणाला, "काका, माही गाडी घेऊन जाऊ, मीबी येतो." मी म्हटलं, काही गरज नाही. जुना सेट पारखायला मला इनायत पाहिजे होता, आणि मला तो एकट्यालाच पाहिजे होता.

एसटीनं अकोल्याला गेलो. तिथून इनायतच्या स्कूटरवर मागे बसलो. रस्त्यात मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता, वाजवत होता, आणि हा बाबा रस्त्याच्या मधून हलायला तयार नाही. मी पाठीवर बुक्के मारले तेव्हा कुठे बाजूला झाला. "वाजवू दे," म्हणाला. दुसऱ्याला वाट द्यायची सवयच नाही ह्याला, मी मनात म्हटलं. मी वाटभर बोलत होतो, त्यानं एकाही गोष्टीला हूं म्हटलं नाही.

मैनाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. पुंजारामांची गोष्ट निघाली तसं पदर तोंडाशी नेऊन हसल्या. "हे बोलाले बसले का शेजारच्याच्या टीव्हीत ह्यायचा आवाज ये. बायका मालिका पाहून राहिल्या, अन मधीच आमचे हे, 'बार्शीटाकळी बोलून राहिलो.' लय भांडनं झाले, भाऊ."

दोन्ही सेट टेबलावर होते. एक त्यातल्या त्यात नवा, चकचकीत, निळे आकडे दाखवणारा. दुसरा जुना, गोल तबकडीचा, धुळीनं राखाडी झालेला, पुढच्या काळ्या रंगाचे पोपडे निघालेले. आलो होतो नळ्यांचा सेट घ्यायला, हे खरं. पण ते निळे आकडे बघून मला कुलदीपचा रंगीत पडदा आठवला आणि माझं मन फिरलं.

"हा घेऊ," मी म्हणालो.

इनायतनं तो सेट उलटा केला. तळाच्या स्क्रूवर बोट फिरवलं. "पाह्य," म्हणाला, "एकाचीबी खाच सरळ नाई. याच्या पोटात धा जनाईनं हात घातला. कोनं काय तोडलं अन काय जोडलं, तुले जिंदगीभर कळनार नाई."

मग तो जुन्याकडे वळला. आणि कबूल करावं लागतं, त्याचं ते बघणं बघण्यासारखं होतं. आधी त्यानं वरचं झाकण काढून आत नाक घातलं. जळका वास आहे का, ट्रान्सफॉर्मरचं मेण वितळलंय का. स्क्रू सगळे मूळचे, कुणी न हलवलेले. नळ्यांच्या काचेला आतून चांदीसारखा लेप असतो, तो पांढरा पडला की समजायचं हवा शिरली. तो चकचकीत होता. आतली धूळ एकसारखी बसलेली, कुठे बोटाचा माग नाही. "धूळ इमानदार हाय," तो म्हणाला. तबकडी डोळे मिटून फिरवली, इकडे, तिकडे, ढिली आहे का ते चाचपत. सोबत आणलेला शंभरचा बल्ब मधे जोडून हळूहळू वीज दिली, म्हणजे एवढ्या दिवसांची झोपलेली मशीन दचकायला नको. नळ्या तांबूस झाल्या. छतावर पुंजारामांची तार अजून होतीच, ती लावली. स्पीकरमधून खरखर आली आणि कुठल्यातरी लांबच्या माणसाचा आवाज.

इनायतनं पंजा उघडून स्पीकरच्या जाळीवर ठेवला. तसाच ठेवून राहिला.

"तू ऐक अन सांग," तो मला म्हणाला. "साफ येऊन राहिला का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं माझ्या आवाजाला सहाच्या वर जाऊ दिलं नाही, आणि आता शाळामास्तरासारखी माझ्याच कानांची परीक्षा! मी घुश्शातच म्हणालो, "साफ हाय." त्यानं माझ्या तोंडाकडे बघत मान हलवली. "हाच घे."

पैशाचं पुंजारामांच्या मुलाशी आधीच बोलणं झालं होतं. मी सेट मैनाबाईंनी दिलेल्या गोधडीत बांधायला लागलो, तर इनायत त्यांना विचारतो, "भाभी, पुंजारामभाऊची मोर्सची चावी कोठी हाय?" त्यांनी कपाटातून पितळेचं ते बटण काढून दिलं. इनायतनं फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं.

"मले काय कराची?" मी म्हटलं. "मोर्स कोन वापरते आता?"

"असू दे. सेटसंग असू दे." त्यानं पिशवीची गाठ स्वतःच्या हातानं मारली. मला वाटलं, तुझा हात जड आहे हे जाता जाता पुन्हा एकदा ऐकवलं मेल्यानं.

एसटीत सेट मांडीवर घेऊन अमरावतीला आलो. कंडक्टरनं विचारलं, "काका, शिलाई मशीन काय?" मी हो म्हटलं.

घरी सेट मांडला, पुसला. असल्या सेटवर बोलण्याआधी त्याच्या नळ्या जुळवाव्या लागतात. ते जुळवताना खऱ्या तारेवर शिट्ट्या सोडून लोकांना त्रास द्यायचा नसतो, म्हणून एक खोटी तार वापरतात. तिला डमी लोड म्हणतात. माझा डमी लोड म्हणजे रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल आणि तेलात बुडवलेला एक जाड रेझिस्टर. सेटमधून जे काही निघेल ते त्या डब्यात जाऊन गरम होतं आणि तिथेच मरतं. बाहेर काही जात नाही. टेबलाच्या कडेला एक दोन बाजूंचा स्विच, एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला गच्चीवरची तार. सकाळी बैठकीच्या आधी मी सेट डब्यावर जुळवला. सुई कशी झकास चढली! नळ्यांचा उजेड भिंतीवर पडला. पंचफुलाला हाक मारून दाखवला.

आणखी एक हौस होती. आपला नवा आवाज आपल्याला ऐकायचा होता. म्हणून जुना छोटा सेट त्याच्या वेगळ्या तारेवर सुरू ठेवला, कानांवर हेडफोन चढवला, आणि बैठकीला बसलो.

इनायतचा आवाज आला. एकेकाची नावं झाली. मग, "उत्तमराव, अमरावती."

मी बोललो. कसा बोललो! हेडफोनमध्ये माझाच आवाज मला असा आला की मीच चपापलो. डास मेला होता. जो बोलत होता तो कुणीतरी खानदानी माणूस होता. मी पुंजारामांना आदरांजली वाहिली, मैनाबाईंचे आभार मानले, सेटचं वर्णन केलं, हवामान सांगितलं, थांबवत नव्हतं म्हणून थोडं संत्र्यांच्या बहाराबद्दलही बोललो. माइकचं बटण सोडलं. श्वास धरून बसलो.

क्षणभर खरखर. मग इनायत म्हणाला, "उत्तमराव, मुबारक. पाच-नऊ. एकदम पाच-नऊ."

त्याच्या पाठोपाठ कुलदीपची पाळी. तोही जरा थांबून म्हणाला, "हो चाचा, मलेबी पाच-नऊ. काकाचा आवाज मस्त."

मी हेडफोन भिरकावला. पंचफुलाला शिरा करायला सांगितला. रस्त्यावर जाऊन उगाचच शेजाऱ्याच्या गाडीची हवा कमी आहे हे त्याला सांगून आलो. कुलदीपलासुद्धा कबूल करावं लागलं! त्या दिवशी माझं कुणाशीच भांडण नव्हतं.

शिरा खाऊन मी आडवा होणार, तेवढ्यात पंचफुला फडकं घेऊन टेबल पुसायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, हा तेलाचा डबा कावून कोमट हाय? काय तळून राहिले होते तुमी याच्यात?"

मी उठलो. डब्याला हात लावला. कोमट होता. मग स्विचकडे बघितलं. स्विच डब्याकडे होता.

म्हणजे माझं सगळं भाषण, पुंजाराम, मैनाबाई, हवामान, संत्री, सगळं त्या डब्यात गेलं होतं. हेडफोनमध्ये आलेला आवाज टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतचा. छोट्या सेटचं इतक्या जवळून ऐकणं म्हणजे घरातल्या घरात हाक मारणं. अकोल्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. खुणेलाही नाही.

मग इनायतनं पाच-नऊ कशाला दिला?

आधी राग आला. थट्टा केली माझी. मग वाटलं, नाही, हा माणूस माझी थट्टा तोंडावर करतो, अशी करत नाही. मग ट्रक आठवला. न उचललेले फोन आठवले. मी स्कूटरवर वाटभर बोललो आणि त्यानं न म्हटलेलं हूं आठवलं. स्पीकरवर ठेवलेला पंजा आठवला. 'तू ऐक अन सांग.' तो माझी परीक्षा घेत नव्हता. तो खरंच विचारत होता.

आणि कुलदीप? त्याला तर ऐकू येतं. त्याला माझ्या जागी नुसती खरखर ऐकू आली असणार. तरी तो 'मलेबी पाच-नऊ' म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

मी कुलदीपला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "कधीपासून?"

तो म्हणाला, "वर्ष झालं, काका. समोर तोंड पाहून मोठ्यानं बोललं तं समजते त्यायले. रेडिओवरचं काईच नाई. खरखर तेवढी समजते. मी ऐकून मोबाईलवर लिहितो, चाचा वाचून बोलते. आज मी लिहाच्या आधीच ते बोलून बसले. नवा सेट, म्हने उत्तम खुश होईन."

"तुले सांगतलं," मी म्हटलं. "तुले. कालच्या पोट्ट्याले. अन मले नाई?"

मला इनायतच्या कानांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं, पण त्याच्या वर हे बसलं होतं. नागपूरची परीक्षा माझ्यासोबत, शेंगदाणे माझ्यासोबत, आणि हे दुःख कुलदीपसोबत! इतका मी आयुष्यात कुणावर जळलो नव्हतो, इनायतवरसुद्धा नाही.

"मले नाई सांगतलं, काका," कुलदीप म्हणाला. "दालचा खाता खाता माह्या ध्यानात आलं. मंग चाचानं शपथ घातली. बाकी कोनाले समजलं तं समजू दे, उत्तमले नाई."

"काहून?"

तो चाचरला. "म्हने, उत्तम माह्यावर जळून राहिला तोवर माहं चालून राहिलं. ज्या दिवशी त्याले दया येईन, त्या दिवशी मी सेट बंद करून ठेवीन."

मी फोन ठेवला. पंचफुलानं विचारलं काय झालं, मी तिच्यावरच खेकसलो की शिऱ्यात साखर जास्त होती. माझे डोळे बघून तिनं फडकं पुन्हा हातात घेतलं आणि पुसलेलं टेबल परत पुसायला लागली.

कधीपासून? वर्ष, असं कुलदीप म्हणतो. म्हणजे वर्षभर रोज सकाळी तो मला जो पाच-सहा देत होता, तो ऐकून नव्हताच. सवयीनं. मला राग यावा म्हणून. आणि मी वर्षभर रोज वेळेवर रागावत होतो.

संध्याकाळी पिशवी आवरताना ती फडक्याची गाठ हाताला लागली. इनायतची गाठ, घट्ट. सोडवली तर पितळेची चावी. माणसाचं बोलणं रेडिओवर बारीक, चिरलेलं येतं. ते त्याला आता कळत नाही. पण मोर्सचा सूर एकच असतो, खालचा, जाड. तो हाताला लागतो. स्पीकरवर पंजा ठेवला तर कळतो. ते आठवलं आणि मला चावीचा अर्थ लागला. मेल्यानं मला सांगितलं होतं. कुलदीपला शपथ घातली होती आणि मला चावी दिली होती. मी मूर्ख, मला वाटलं टोमणा मारला.

दया येऊ द्यायची नाही, एवढं मी स्वतःला बजावलं. फार बजावावं लागलं नाही. त्या परीक्षकाचं 'हात जड आहे तुमचा' आठवलं की पुरे होत होतं. झोपेपर्यंत मी चावी सेटला न जोडता नुसतीच कट्ट-कट्ट करत बसलो. अर्धी अक्षरं विसरलो होतो. पंचफुलाला वाटलं दाढ दुखते म्हणून दात वाजवतोय.

सकाळी स्विच तारेकडे केला. पुन्हा बघितला. पंचफुलाला बोलावून तिलाही बघायला लावला. माइक काढून ठेवला, चावी जोडली.

बैठक सुरू झाली. नावं झाली. "उत्तमराव, अमरावती," इनायत म्हणाला.

मी बोललो नाही. चावी दाबली. आधी त्याची खूण, म्हणजे परवान्यावरची अक्षरं, मग माझी, मग रिपोर्ट काय तो विचारला. मधे एक अक्षर चुकलं, ते पुन्हा पाठवलं. मग हात काढून घेतला.

खरखर. बराच वेळ खरखर. नांदगाववाल्यानं मधेच विचारलं, "हे काय कटकट लागली बाप्पा?" मला ताजनापेठेतली ती वरची खोली दिसत होती, आणि जाळीवर उघडा ठेवलेला पंजा.

मग सूर आला. गोल, सफाईदार, एकेक टिंब मोजून घ्यावं असा. हात तसाच होता, नागपूरचा. मी पेन्सिलीनं लिहून घेत गेलो. पाच. सहा. नऊ. मोर्समध्ये तिसरा आकडा सुराचा असतो, सूर चोख आहे एवढाच त्याचा अर्थ. जोर मात्र सहाच. बार्शीटाकळीहून एवढं धूड मांडीवर घेऊन आलो, तरी सहाच! आणि हे त्यानं हातानं ऐकून दिलं होतं. खरं होतं. मला नाक ओढावं लागलं. रागही आलाच.

तो थांबला नव्हता. सूर पुढे चालू राहिला, अक्षर अक्षर जोडून मी वाचलं: हात अजून जड आहे.

मी उत्तर पाठवणार एवढ्यात मधे कुलदीपचा आवाज घुसला. "काका? चाचा? काय बोलून राहिले तुमी? मले मोर्स नाई येत. कोनी सांगा ना."

मी त्याला उत्तर दिलं. मोर्समध्येच दिलं.